मॉड्युलेटरचा बायस ढळतो तेव्हा: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघताना आय डायग्राम (डेटाचे बिट एकावर एक ठेवून काढलेला, डोळ्यासारखा दिसणारा आलेख) स्वच्छ उघडा होता. सकाळी येऊन पाहिले तर वरची रेघ जाड झालेली आणि मधला छेद खाली उतरलेला. कोणी कशाला हात लावलेला नाही, लेझर तोच, वीजपुरवठ्यावर बायसचा (मॉड्युलेटर, म्हणजे प्रकाशावर डेटा चढवणारी चिप, जागेवर बसवणाऱ्या स्थिर व्होल्टेजचा) आकडा कालचाच. या कामात पडलेल्या प्रत्येकाला ही सकाळ एकदा तरी भेटते, आणि पहिला संशय नेहमी चुकीच्या वस्तूवर जातो: कनेक्टर, ड्रायव्हर (मॉड्युलेटरला डेटाचे व्होल्टेज देणारा अँप्लिफायर), फायबरचा वाकलेला तुकडा. मी स्वतः पहिल्या वेळी अर्धा दिवस कनेक्टर पुसत होतो. ढळला होता तो मॉड्युलेटरचा बायस: व्होल्ट तेच, पण त्यांनी बसणारा बिंदू सरकलेला.

तंबोरा मैफलीआधी कितीही मन लावून लावला तरी दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, आणि गाणारा मध्येच खुंटीला हात घालतो. त्याचा कान सतत तारेवर असतो. आपल्याला तोच कान इलेक्ट्रॉनिक्समध्ये बांधायचा आहे. या लेखात मी एकच साधे उदाहरण धरून चालतो: १५५० नॅनोमीटरवर चालणारा लिथियम नायोबेटचा इंटेन्सिटी मॉड्युलेटर, त्यावर १० गिगाबिट प्रतिसेकंद वेगाचा साधा चालू-बंद डेटा. हे नीट जमले की आयक्यू मॉड्युलेटरकडे (दोन मॉड्युलेटर जोडून प्रकाशाची कलाही वापरणारा) जाता येते, त्याबद्दल शेवटी.

ढळते नेमके काय

लुडविग झेंडर यांनी १८९१ मध्ये आणि लुडविग माख यांनी १८९२ मध्ये मांडलेली व्यतिकरणमापकाची रचनाच इथे चिपवर असते. प्रकाश दोन वाटांत विभागतो, पुढे पुन्हा एकत्र येतो. दोन्ही लहरी एकाच कलेत आल्या तर पूर्ण उजेड, विरुद्ध कलेत आल्या तर अंधार. विद्युतक्षेत्राने लिथियम नायोबेटचा अपवर्तनांक बदलतो (हाच पॉकेल्स परिणाम), म्हणून व्होल्टेज देऊन उजेड-अंधार करता येतो. पूर्ण उजेडापासून पूर्ण अंधारापर्यंत जायला जितके व्होल्ट लागतात त्याला व्ही-पाय म्हणतात. व्होल्टेज वाढवत नेले की निघणारी पॉवर कोसाइनच्या आकारात वरखाली होते. चालू-बंद डेटासाठी या वक्राच्या बरोबर मध्यावर, म्हणजे क्वाड्रेचरला, बसायचे असते; बायसचे काम एवढेच.

मग तो का सरकतो? इलेक्ट्रोडच्या धातूने प्रकाश शोषू नये म्हणून धातू आणि वेव्हगाइड (चिपमधली प्रकाशाची वाट) यांच्यामध्ये सिलिकाचा पातळ थर असतो. डीसी व्होल्टेज दिले की त्या थरातले आणि स्फटिकातले प्रभार सावकाश सरकू लागतात. बाहेर ५ व्होल्टच असतात, पण वेव्हगाइडपर्यंत पोचणारे क्षेत्र तासागणिक बदलते. दुसरे कारण तापमान. लिथियम नायोबेट पायरोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे तापमान बदलताच त्याच्या पृष्ठभागांवर प्रभार जमतो. झेड-कट चिपमध्ये (कट म्हणजे स्फटिक कोणत्या अक्षाला कापला ते) हा प्रभार नेमका इलेक्ट्रोडच्या बाजूलाच येतो, एक्स-कटमध्ये तो त्रास कमी. तिसरे कारण खुद्द प्रकाश: फोटोरिफ्रॅक्टिव्ह परिणामाने प्रभार हलतात. १५५० नॅनोमीटरला तो दृश्य प्रकाशाच्या मानाने सौम्य असतो, पण पातळ फिल्मच्या चिपमध्ये प्रकाश फार लहान जागेत कोंबलेला असतो, तिथे तो दुर्लक्षित करू नये.

पहिल्या कारणातून एक उपयोगी गोष्ट निघते. ढळणे लावलेल्या व्होल्टेजवर अवलंबून आहे. म्हणून वक्रावर योग्य असे अनेक बिंदू असताना शून्य व्होल्टच्या सर्वांत जवळचा निवडावा.

पायरी १: डेटा बंद ठेवून वक्र पाहा

मॉड्युलेटरच्या आत जाणारा पिगटेल (चिपला जोडूनच येणारा फायबरचा तुकडा) बहुधा पोलरायझेशन जपणारा असतो. लेझरचा फायबरही तसाच असेल आणि कनेक्टरच्या खाचा जुळत असतील तर उत्तम. साधा फायबर असेल तर मध्ये पोलरायझेशन कंट्रोलर घ्या आणि पॉवर जास्तीत जास्त होईपर्यंत फिरवा. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे मोजमाप डळमळते. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उघड्या फायबरच्या टोकाकडे कधीही पाहू नका. दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

आता बायसच्या पिनेवर सावकाश त्रिकोणी लहर द्या, दहा-वीस हर्ट्झची, आणि फोटोडायोडचा संकेत ऑसिलोस्कोपवर पाहा. एक शिखर आणि एक दरी दिसली की त्यांच्यामधले व्होल्ट म्हणजे बायस पिनेचा व्ही-पाय. हाताने डीसी व्होल्टेज एकेक पायरी वाढवत हे मोजू नका, कारण प्रत्येक पायरीवर थांबताना प्रभार सरकतात आणि परत येताना वक्र जागेवर सापडत नाही.

बायसच्या पिनेचा व्ही-पाय आणि आरएफ पोर्टचा (जिथून वेगवान डेटा आत जातो) व्ही-पाय हे दोन वेगळे आकडे असतात. डेटाशीटमध्ये दोन्ही शोधा. आणि ज्या मॉड्युलेटरला बायसची वेगळी पिन नसते, त्याच्या आरएफ पोर्टवर बायस-टीमधून (डीसी आणि वेगवान संकेत एकाच तारेवर आणणारा जोड) डीसी देताना आतला ५० ओहमचा टर्मिनेशन रोध डीसीसाठी तोडलेला आहे का ते आधी पाहा. तो सरळ जोडलेला असेल तर ५ व्होल्टला १०० मिलिअँपियर वाहतात, चिपशेजारी अर्धा वॉट उष्णता तयार होते, आणि जे ढळणे आपण थांबवायला निघालो ते आपणच सुरू करून देतो.

पायरी २: एकदा मोकळे सोडून ढळू द्या

हे काम नवख्यांना वेळेचा अपव्यय वाटते. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. बायस क्वाड्रेचरला लावा, लूप, म्हणजे ढळणे पाहून बायस आपोआप दुरुस्त करणारी साखळी, जोडू नका, आणि दर सेकंदाला सरासरी पॉवर आणि मॉड्युलेटरच्या खोक्याचे तापमान नोंदवत रात्रभर ठेवा. सुरुवातीची वेगवान घसरण आणि नंतरची संथ घसरण वेगवेगळी दिसेल. त्यावर खोलीतला एसी चालू-बंद होण्याची लाट बसलेली असेल. तुमच्या हातातल्या नगाला किती वेगाने सांभाळायचे आहे, हे या आलेखाखेरीज कोणी सांगू शकत नाही. त्याशिवाय लूपचा वेग ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम.

पायरी ३: कान बसवा, म्हणजे टॅप आणि फोटोडायोड

मॉड्युलेटरनंतर १ टक्का प्रकाश वळवणारा टॅप कपलर घ्या. आकडे करून पाहू. लेझर १० मिलिवॉट, मॉड्युलेटरचा अंगचा तोटा ४ डेसिबल, क्वाड्रेचरला आणखी ३ डेसिबल, म्हणजे बाहेर साधारण २ मिलिवॉट. त्यातला १ टक्का म्हणजे २० मायक्रोवॉट, फोटोडायोडमधून ढोबळमानाने २० मायक्रोअँपियर. १०० किलोओहमच्या ट्रान्सइम्पिडन्स अँप्लिफायरने (प्रवाहाचे व्होल्टेज करणारा) २ व्होल्ट मिळतात. पुरेसे आहेत.

काही मॉड्युलेटरमध्ये फोटोडायोड आतच बसवलेला असतो. तो अनेकदा मुख्य वाटेतून बाहेर सांडलेला प्रकाश पकडतो, त्यामुळे मुख्य उजेड वाढला की त्याचा कमी होतो, आणि त्याची दरी मुख्य शिखराच्या बरोबर समोर येईलच असे नाही. तो वापरायचा असेल तर बाहेरच्या टॅपशी एकदा ताडून दोन्हींतले अंतर नोंदवून ठेवा.

पायरी ४: बारीक थरथर द्या

फक्त सरासरी पॉवर अर्ध्यावर धरून ठेवली तर चालणार नाही का? डेटा बंद असताना थोडेफार चालते. पण लेझरची पॉवर कमी झाली की लूपला वाटते बायस ढळला. म्हणून बायसवर एक लहानशी साइन लहर चढवतात, तिला डिदर म्हणतात. वक्राच्या उतारावर ती जशीच्या तशी बाहेर येते. शिखरावर किंवा दरीत मूळ वारंवारता नाहीशी होते आणि फक्त दुप्पट वारंवारता उरते. क्वाड्रेचरला उलटे: मूळ वारंवारता सर्वांत मोठी आणि दुप्पट वारंवारता शून्य. म्हणजे क्वाड्रेचर धरायचे तर दुप्पट वारंवारतेला शून्यावर आणायचे, आणि अंधाराचा बिंदू धरायचा तर मूळ वारंवारतेला.

डिदरची वारंवारता १ किलोहर्ट्झच्या आसपास घ्या, पण ५० हर्ट्झच्या पटीत नको, नाहीतर घरच्या विजेची गुणगुण त्यात मिसळेल. मी १०३७ हर्ट्झ वापरतो. आयाम व्ही-पायच्या १ ते २ टक्के. त्याहून मोठा घेतला तर डेटावर त्याची छाप उमटते.

आता इथे थांबून एक हिशेब करू, कारण नवख्यांचे सर्वाधिक लूप इथेच फसतात. डिदरचा आयाम व्ही-पायच्या २ टक्के धरला तर कलेत तो ०.०६३ रेडियन होतो. वरच्या २० मायक्रोअँपियरच्या उदाहरणात मूळ वारंवारतेचा प्रवाह जास्तीत जास्त सव्वा मायक्रोअँपियर येतो, पण दुप्पट वारंवारतेचा जास्तीत जास्त केवळ २० नॅनोअँपियर. चौसष्ट पट लहान. आणि बायस क्वाड्रेचरपासून १ अंश ढळला तर हाती येणारा संकेत ०.३५ नॅनोअँपियरच्या जवळपास. हे मोजता येते, कारण घाई नाही: १ हर्ट्झच्या पट्ट्यात २० मायक्रोअँपियरचा शॉट नॉइज (प्रवाहाचा अंगचा खडखडाट) अडीच पिकोअँपियर इतकाच असतो.

खरी अडचण नॉइजची नसते, डिदरच्या शुद्धतेची असते. तुमच्या डीएसीने (आकड्यांचे व्होल्टेज करणारी चिप) दिलेल्या साइन लहरीत स्वतःचीच थोडी दुप्पट वारंवारता मिसळलेली असेल, तर लूप तिला बायसची चूक समजतो आणि क्वाड्रेचर सोडून भलतीकडे जाऊन निवांत बसतो. ही चूक रेडियनमध्ये जवळजवळ इतकी: मिसळीचे प्रमाण गुणिले ४, भागिले डिदरचा कला-आयाम. मिसळ ६० डेसिबल खाली असेल तर २ टक्के डिदरला साडेतीन अंशांहून थोडी जास्त चूक. ४० डेसिबल खाली असेल तर तब्बल ३० अंशांहून जास्त. म्हणून डीएसीनंतर चांगला लो-पास फिल्टर लावा, आणि फोटोडायोडचा अँप्लिफायर आपल्या कमाल व्होल्टेजच्या कडेला टेकत नाही ना हे पाहा. तो टेकला तर तीच मिसळ तिथे तयार होते. डिदर फार लहान ठेवण्याच्या हव्यासाने ही चूक वाढते, हेही या सूत्रातून दिसते.

डीएसीच्या बारकाईचा हिशेब सोपा आहे. व्ही-पाय ५ व्होल्ट असेल तर १ अंश म्हणजे २८ मिलिव्होल्ट. उणे १० ते अधिक १० व्होल्ट देणाऱ्या १२ बिटच्या डीएसीची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, १६ बिटची ०.३ मिलिव्होल्टची. बायस धरायला १२ बिट पुरतात, पण त्याच डीएसीने डिदरही काढायचा असेल तर १६ घ्या.

पायरी ५: लूप बंद करा

संकेताचे फक्त मोजमाप पुरत नाही, त्याचे चिन्ह हवे. नुसता आयाम मोजला तर बायस डावीकडे ढळला की उजवीकडे हे कळत नाही. म्हणून आलेला संकेत दुप्पट वारंवारतेच्या संदर्भ लहरीने गुणायचा आणि सरासरी काढायची, लॉक-इन अँप्लिफायर करतो तेच. फिल्टर आणि अँप्लिफायर यांच्यातून जाताना संकेत थोडा उशिरा येतो, म्हणून संदर्भ लहरीची कला एकदा जुळवून घ्या: बायस मुद्दाम शिखरावर न्या आणि गुणाकाराची सरासरी सर्वांत मोठी होईपर्यंत कला फिरवा.

पुढे फक्त इंटिग्रेटर. प्रत्येक फेरीत चुकीचा लहानसा हिस्सा बायसमध्ये मिळवायचा. पायरी २ मधला आलेख सांगेल की लूपचा वेग १ हर्ट्झच्या खाली असला तरी बहुधा चालतो. एका फेरीत बायस किती हलू शकतो यावर मर्यादा घाला, म्हणजे फायबरला धक्का लागून क्षणभर प्रकाश गेला तरी बायस उधळणार नाही. प्रकाश ठरावीक पातळीखाली गेला तर लूप गोठवून शेवटचे व्होल्टेज धरून ठेवा.

पायरी ६: डेटा चालू करा, आणि इथे सावध

डेटा बंद असताना सुरेख चालणारा लूप डेटा सुरू करताच आंधळा होतो. दोष सर्किटचा नसतो. चालू-बंद डेटा पूर्ण व्ही-पायचा झोका घेत असेल तर प्रकाश अर्धा वेळ बायसच्या एका बाजूला पाव फेरी आणि अर्धा वेळ दुसऱ्या बाजूला पाव फेरी असतो. संथ फोटोडायोडला दोन्हींची सरासरी दिसते, आणि ती सरासरी बायस कुठेही असला तरी तीच राहते. दोन्ही बाजू एकमेकींना पुसून टाकतात. डिदरचा संकेतही त्याबरोबर पुसला जातो.

गणित असे: लूपला दिसणारा संकेत एका कोसाइनने गुणला जातो, आणि त्या कोसाइनचा कोन म्हणजे डेटाचा झोका भागिले व्ही-पाय, गुणिले ९० अंश. झोका व्ही-पायच्या ८० टक्के असेल तर ३१ टक्के संकेत उरतो. १०० टक्क्यांना शून्य. १२० टक्क्यांना पुन्हा ३१ टक्के, पण उलट्या चिन्हाचा, म्हणजे लूप बायसला क्वाड्रेचरकडे ओढण्याऐवजी तिथून ढकलू लागतो. खऱ्या डेटाच्या चढ-उताराला वेळ लागतो म्हणून हा शून्याचा बिंदू थोडा इकडेतिकडे सरकतो, पण टळत नाही. म्हणून लूपचे चिन्ह तपासायचे ते नेहमी खरा डेटा, खऱ्या झोक्याने चालू ठेवून.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. डिदर बायसवर द्यायचाच नाही. ड्रायव्हरच्या गेनच्या पिनेवर द्यायचा, म्हणजे डेटाचा झोकाच काही टक्के कमी-जास्त होत राहतो. बायस बरोबर मध्यावर असेल तर वरची आणि खालची बाजू सारखीच हलतात आणि सरासरी पॉवर स्थिर राहते. बायस ढळला की सरासरीत डिदरची मूळ वारंवारता उमटते, आणि तिचे चिन्ह ढळण्याची दिशा सांगते. हा संकेत पूर्ण झोक्याला सर्वांत मोठा असतो, झोका थोडा बदलला तरी चिन्ह पलटत नाही, आणि शोधायची ती मूळ वारंवारता असल्याने डिदरच्या अशुद्धतेचा तो सगळा त्रास संपतो. चालू-बंद डेटासाठी ड्रायव्हरला गेनची पिन असेल तर मी हाच मार्ग घेतो.

पायरी ७: लूपवर विश्वास ठेवण्याआधी

लूपची परीक्षा लूपच्याच आकड्यांनी घेऊ नका. डेटाच्या जागी काही काळ १ गिगाहर्ट्झची शुद्ध साइन लहर लहान आयामाने द्या, बाहेरचा प्रकाश वेगवान फोटोडायोडवर घ्या आणि स्पेक्ट्रम अनालायझरवर २ गिगाहर्ट्झची रेघ पाहा. क्वाड्रेचरला ती जवळजवळ नाहीशी होते. या साइनचा झोका पायरी ६ मधल्या मर्यादेपेक्षा लहान असल्याने या चाचणीपुरता बायसवरचा डिदर लूप चालवा. लूपने धरलेला बिंदू आणि त्या रेघेची दरी यांत फरक असेल तर तुमच्या साखळीत कुठेतरी मिसळ आहे.

मग हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून मॉड्युलेटरच्या खोक्यावर सोडा. बायसचे व्होल्टेज हलताना दिसले पाहिजे आणि डेटाच्या चुका वाढता कामा नयेत. लूप मागे पडत असेल तर त्याचा वेग वाढवा.

आणखी एक: बायस वर्षभर एकाच दिशेने सरकत गेला तर डीएसीच्या कडेला टेकेल. पूर्ण फेरी, म्हणजे दोन व्ही-पाय मागे उडी मारली की तसाच बिंदू मिळतो. एकाच व्ही-पायची उडी मारली तर उतार उलटा होतो आणि शून्याचे एक, एकाचे शून्य होतात. कोणतीही उडी मारताना डेटा क्षणभर तुटतो, म्हणून ती आपोआप होऊ देऊ नका. कडेच्या ८० टक्क्यांवर सूचना द्या आणि देखभालीच्या वेळी उडी मारा.

आयक्यू मॉड्युलेटरकडे जाताना

इथे आय आणि क्यू असे दोन लहान मॉड्युलेटर अंधाराच्या बिंदूवर, आणि त्यांना जोडणारा मोठा मॉड्युलेटर ९० अंशांवर धरायचा असतो. दोन पोलरायझेशन असतील तर असे एकूण सहा बायस. आयला एक डिदर वारंवारता, क्यूला दुसरी. दोघांच्या मूळ वारंवारता शून्य झाल्या की लहान मॉड्युलेटर जागेवर आले. मोठ्याची चूक दोन वारंवारतांच्या फरकावर दिसते, कारण ९० अंश नसतील तेव्हाच आय आणि क्यू एकमेकांत मिसळतात. आधी लहान दोघे, मग मोठा, अशा क्रमाने लूप सुरू करा. उलट क्रमाने केले तर ते एकमेकांचा पाठलाग करत राहतात.

पायरी ६ मधला सापळा इथेही आहे. क्यूपीएसकेमध्ये (आय आणि क्यूच्या प्रत्येकी दोन पातळ्या) झोका दोन व्ही-पायचा असतो, तेव्हा संकेत भरपूर मिळतो पण चिन्ह डेटा बंद असतानाच्या उलट. १६-क्यूएएममध्ये (प्रत्येकी चार पातळ्या) आदर्श समान अंतराच्या पातळ्या आणि पूर्ण झोका धरला तर उरणारा संकेत मूळच्या ११ टक्के, तोही उलट्या चिन्हाचा. म्हणजे आंधळ्या जागेच्या अगदी काठावर. मॉड्युलेशन बदलले की लूपचे चिन्ह आणि गेन दोन्ही बदलतील अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.

पातळ फिल्मच्या लिथियम नायोबेट चिपमध्ये किंवा सिलिकॉन फोटॉनिक्समध्ये बायस बहुधा सूक्ष्म हीटरने देतात. तिथे कला व्होल्टेजच्या वर्गाबरोबर बदलते. त्यामुळे हीटरच्या व्होल्टेजवर अगदी शुद्ध साइन दिली तरी वर्ग होताना तिच्यात दुप्पट वारंवारता मिसळतेच, आणि दुप्पट वारंवारतेवर क्वाड्रेचर धरणारा लूप फसतो. उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे: हवी ती पॉवर आणि तिच्यावरचा डिदर आधी ठरवायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ते डीएसीला द्यायचे.